वाड्याच्या तुळईपासून जेवणाच्या टेबलापर्यंत : जुन्या जाड फळ्यांची पूर्वतयारी

जुने माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, उतरवताना आधी वरची पांढरी माती खाली येते, मग किलचांचा (मातीखाली अंथरलेल्या लाकडी फळकुटांचा) थर निघतो आणि सर्वांत शेवटी चार माणसांनी दोरखंड लावून उतरवाव्या लागणाऱ्या तुळया हाती येतात. मराठवाड्यातील बहुतेक गावांत या लाकडाला आजही दोनच वाटा आहेत : चांगले असेल तर वखार, नसेल तर चूल. त्यातील एखादी तुळई, दाराची चौकट किंवा बळदावरची (धान्याच्या कोठारावरची) जाड फळी घरी आणून तिचे जेवणाचे टेबल करावे असे मनात येणे सोपे आहे. परंतु टेबल जोडण्याच्या कामापेक्षा त्याआधी फळ्या तयार करण्याचे काम कितीतरी मोठे असते आणि टेबल पुढे फाटणार की टिकणार हे तिथेच ठरते. या लेखात त्या पूर्वतयारीचेच वर्णन केले आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करावा लागतो. शंभर वर्षे छपराखाली रापलेले लाकूड आता हलणार नाही, असे आपण सगळेच धरून चालतो. मीही धरले होते. औसा तालुक्यातील आजोळचा वाडा उतरवला तेव्हा मी एक सागवानी तुळई मागून घेतली, ऐन ऑगस्टमध्ये गिरणीवर तिच्या फळ्या पाडल्या आणि पंधरा दिवसांत त्या जोडूनही टाकल्या. पुढच्या एप्रिलमध्ये दोन फळ्यांच्या मधून जमिनीवरची फरशी दिसू लागली आणि कडेच्या एका फळीला अशी पन्हळ आली की तिच्यावर सांडलेले पाणी मध्यभागी जमून राहत असे. ज्या सुतारमामांना ते दाखवले, ते फळीवर हात फिरवून एवढेच म्हणाले, “सर, लाकूड म्हातारं झालंय म्हनून गप बसतंय व्हय? आतला भाग आत्ता कुठं वारा बघायलाय.”

मामांच्या त्या वाक्यात या विषयाचे सगळे शास्त्र आहे. लाकूड हवेतील ओलावा आयुष्यभर घेत आणि सोडत राहते. ८ इंच जाडीच्या तुळईचा वरचा थर उन्हाळ्यात कोरडा आणि पावसाळ्यात दमट होतो, पण गाभ्यापर्यंत हा बदल पोहोचेपर्यंत ऋतूच पालटतो. त्यामुळे आतील ओलावा वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिर राहतो. शिवाय झाड वाढताना लाकडात साठलेले ताण चारही बाजूंनी एकमेकांना तोलून धरलेले असतात. तुळई चिरली की हे दोन्ही तोल एकदम सुटतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते आणि श्रावणात ती ८० टक्क्यांवर जाते. लाकूड पुरेसा काळ पहिल्या हवेत राहिले तर त्यात साधारण ५ टक्के ओलावा उरतो, दुसऱ्या हवेत १५ टक्क्यांच्या पुढे जातो. जाड फळी ही दोन्ही टोके क्वचितच गाठते; तरीही ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडला, तर ३ फूट रुंदीचे सागवानी टेबल रुंदीत सुमारे तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमीजास्त होऊ शकते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सागवान हे या बाबतीत शांत समजले जाणारे लाकूड आहे, हे लक्षात घेतले म्हणजे इतर लाकडांचा अंदाज येईल.

लाकूड पाहून घेणे

सहा माणसांसाठी ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद पृष्ठभाग पुरतो. तयार जाडी दीड इंच धरली तर हे लाकूड सव्वादोन घनफूट भरते. पण कच्च्या फळ्या सव्वादोन इंच जाड, साडेसहा फूट लांब आणि सगळ्या मिळून साडेतीन फूट रुंद घेतल्या तरच हा हिशेब जमतो, आणि त्यांचे माप सव्वाचार घनफुटांच्या आसपास जाते. म्हणजे जवळपास निम्मे लाकूड भुशात, ढलप्यांत आणि कापून टाकलेल्या टोकांत जाणार आहे, हे वखारीत भाव करण्यापूर्वीच मनाशी धरावे. तयार झालेला सागवानी पृष्ठभाग सुमारे ४० किलोंचा आणि बाभळीचा ५० किलोंच्या घरात जाईल. पाय कशाचे करायचे हे ठरवताना हे वजन उपयोगी पडते.

मराठवाड्यातील जुन्या घरांत मिळणारे चांगले लाकूड मुख्यतः सागवान असते. नांदेड जिल्ह्यातील किनवटचे जंगल सागवानासाठी आजही ओळखले जाते, आणि १९५६ पूर्वी हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच असल्याने जुनी माणसे ‘आदिलाबादी साग’ म्हणतात त्यात या भागाचाही साग आला. लहान घरांत मात्र खांबांना आणि आडव्या लाकडांना बाभूळ सर्रास वापरलेली दिसते, कारण ती बांधावरच मिळत होती. ओळख पटवण्यासाठी काळ्या पडलेल्या पृष्ठभागावर विसंबू नये. पटाशीने एका कडेला अंगठ्याच्या नखाएवढी ढलपी काढावी. सागवान आतून सोनेरी-तपकिरी निघते, हाताला किंचित तेलकट लागते आणि त्याला चामड्यासारखा एक ओळखीचा वास येतो. बाभूळ लालसर, वजनाला जड आणि धार बोथट करणारी असते. बाभळीचे टेबल वाईट होत नाही, उलट ते दगडासारखे टिकते. पण तिचे रेषे (लाकडातील तंतू) आलटून पालटून उलटसुलट जातात आणि रंधा मारताना त्याची किंमत मोजावी लागते. पहिल्याच टेबलाला हात घालणाऱ्याने सागवानच घ्यावे, असे माझे मत आहे.

तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले होते, तिथे ओल आणि वाळवी हमखास पोहोचलेली असते. हातोडीने टोकापासून मध्याकडे ठोकत जावे : जिथे बद्द आवाज येतो ते लाकूड गेलेले असते, जिथे ठणठणीत आवाज सुरू होतो तिथून आणखी ३ इंच सोडून मग माप धरावे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अनेकांनी डोक्यावरची जड माळवदे उतरवून पत्रे टाकले, आणि त्या वेळचे लाकूड काही घरांच्या परसात अजून पडून आहे. जमिनीला टेकून पावसात राहिलेल्या अशा लाकडाकडे दुप्पट संशयाने पाहावे. वरून खणखणीत दिसणारी तुळई खालच्या अंगाने पोखरलेली निघते.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कितीही जाड, स्वस्त आणि देखणे वाटले तरी जेवणाच्या टेबलासाठी घेऊ नयेत. किडीपासून संरक्षणासाठी त्यांना क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले विषारी तेल आतपर्यंत पाजलेले असते, आणि कितीही रंधले तरी ते निघत नाही. तसेच खरेदीची पावती किंवा घरमालकाचे लेखी पत्र जवळ ठेवावे, आणि सागवान गाडीत घालून दुसऱ्या गावी नेण्यापूर्वी वाहतूक परवान्याबाबत जवळच्या वन कार्यालयात चौकशी करावी.

काजळी, माती, रंग

घरी आणलेल्या लाकडावर लगेच पाणी मारू नये. माळवदाची माती भेगांत बसलेली असते. पाण्याने तिचा चिखल होऊन ती आणखी खोल जाते आणि पुढे रंध्याचे पाते खाते. आधी ताठ खराट्याने, मग पितळी तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने कोरडेच घासावे, आणि भेगांतील माती जुन्या हॅक्सॉ पात्याच्या टोकाने उकरून काढावी. स्वयंपाकघरातील तुळईवर चुलीच्या धुराचा चकचकीत काळा थर असतो. तो पत्र्याच्या खरवडणीने ओरबाडून काढणे बरे. हे सगळे उघड्यावर, एन-९५ मास्क लावून करावे. मास्कचा आग्रह केवळ काजळीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला आहे, आणि सागाच्या बारीक धुळीने अनेकांना अंगावर खाज व शिंका येतात.

रंगवलेल्या चौकटी आणि दारे यांची गोष्ट वेगळी आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले. त्यापूर्वीचा, विशेषतः पिवळा, हिरवा आणि तांबडा रंग शिशाचा आहे असे समजूनच वागावे. असा रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळूही नये. रंग काढण्याचे रसायन लावून तो मऊ करावा, ओला असतानाच खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळे खरवड गोळा करावे आणि लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नये.

आणखी एक प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारावा : हे लाकूड कोणत्या खोलीतले? धान्याच्या खोलीत आणि बळदाजवळ पूर्वी बीएचसी ही कीटकनाशक पावडर मुक्तहस्ते टाकली जात असे. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. वाळवीसाठी जळके ऑइल पाजण्याची पद्धत तर अजून चालू आहे. ज्या फळीला तेलाचा किंवा औषधाचा उग्र वास येतो, किंवा जी फळी एक-दोन सूत रंधूनही आतून काळीच निघते, ती टेबलाच्या वरच्या भागासाठी बाद करावी. तिचा पाट, घडवंची किंवा कुंपणाचा खांब होऊ शकतो. ताट तिच्यावर ठेवू नये.

खिळे

या टप्प्यावर घाई करणाऱ्याचे पैसे जातात. गिरणीच्या पट्ट्यावर किंवा रंध्याच्या पात्यावर एक खिळा आला की पाते तर जातेच, तुकडा उडून डोळ्याला इजाही होऊ शकते. दिसणारे खिळे, कोयंडे, कड्या आणि बिजागऱ्यांचे स्क्रू आधी काढावेत. न दिसणाऱ्यांसाठी जुन्या स्पीकरमधले चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळूहळू फिरवावे. लोखंड जवळ आले की दोरा तिरका होतो. खोल गेलेले खिळे चुंबकाला सापडत नाहीत. त्यासाठी हातात धरायचा मेटल डिटेक्टर घ्यावा, आणि फळीच्या चारही अंगांनी, आधी उभा आणि मग आडवा फिरवून, प्रत्येक जागा खडूने गोल करून ठेवावी.

डोळ्यालाही शिकवता येते. लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडतो. मधोमध गंजाचा तांबूस ठिपका आणि त्याभोवती रेषेच्या दिशेने लांबट पसरलेला काळा भाग, असा तो डाग बैलाच्या डोळ्यासारखा दिसतो. असा डोळा दिसला आणि डिटेक्टर गप्प राहिला, तर खिळा पूर्वीच निघाला आहे असे समजावे. डिटेक्टर वाजला, तर डोक्याविना मोडलेला खिळा आत आहे.

जुने, लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे गंजाने लाकडाला घट्ट धरून बसलेले असतात. ते सरळ ओढले तर डोके तुटते. त्याऐवजी खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचा एक बेताचा ठोका देऊन तो केसभर आत घालावा. गंजाची पकड सुटल्याचा बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. मग जंबुराखाली पातळ लाकडाचा तुकडा ठेवून, रेषेच्या दिशेने झुकवत खिळा काढावा, म्हणजे फळीला खड्डा पडत नाही. डोके नसलेल्या खिळ्यासाठी पाव इंची पटाशीने त्याच्या दोन्ही बाजूंना, रेषेच्या दिशेनेच, अर्धा इंच खोल खाच करावी आणि टोकदार पकडीने तो धरावा. हेही जमले नाही तर खिळ्यापेक्षा थोड्या मोठ्या आतील व्यासाची पोलादी नळी घेऊन तिच्या तोंडाला कानशीने दाते पाडावेत, ती ड्रिलमध्ये बसवून खिळ्याभोवतीचे लाकूड गोल कापावे आणि खिळ्यासकट ते काढून घ्यावे. राहिलेल्या गोल भोकात त्याच लाकडाची गुटी, रेषा जुळवून, बसवता येते. खिळा खाली ठोकून लपवण्याचा मोह टाळावा, कारण रंधा तिथपर्यंत उतरणारच आहे.

काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने फिके होतात. ते विषारी असल्याने हातमोजे घालून लावावे आणि नंतर फळी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावी. मी स्वतः हे डाग राहू देतो. आजोळच्या तुळईवरचे तीन डोळे माझ्या टेबलावर अजून आहेत आणि पाहुणे त्यांच्याबद्दलच आधी विचारतात.

चिरणे आणि रचणे

मराठवाड्यातील हवेचा विचार करता तुळई चिरण्याची योग्य वेळ दिवाळीनंतरची. परतीचा पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी होत असते पण भाजून काढणारी नसते, आणि पुढे तीन-चार महिने लाकडाला सावकाश स्थिरावायला मिळतात. मे महिन्यात चिरलेली ओलसर तुळई टोकांकडून तडकते. श्रावणात चिरलेली कधी वाळली हेच कळत नाही.

गिरणीवर लाकूड नेताना हे जुने लाकूड आहे, खिळे तपासले आहेत, तरी एखादा राहिला असेल, असे मालकाला स्पष्ट सांगावे आणि पट्टा खराब झाला तर खर्च कोणाचा हे आधीच ठरवावे. तुळईच्या मध्यातून खोडाचा अगदी मधला, पोकळसर भाग जात असेल तर ज्या फळीत तो येतो ती टेबलात घेऊ नये. तिला भेग पडतेच. ती फळी मधोमध चिरून तो भाग काढून टाकावा आणि उरलेल्या दोन अरुंद पट्ट्या वापराव्यात. जोडायच्या फळ्या ५ ते ७ इंच रुंद असाव्यात. एकसंध रुंद फळीची हौस समजू शकतो, पण रुंद फळीची पन्हळ सरळ करताना जाडीच निघून जाते.

लांबीला फळ्या लगेच कापून घ्याव्यात, मात्र तयार मापापेक्षा ६ इंच जास्त ठेवून. ९ फुटांच्या फळीला जी कमान असते ती साडेसहा फुटांच्या तुकड्यात जवळपास निम्मीच उरते, त्यामुळे आधी कापल्याने रंध्याखाली जाणारे लाकूड वाचते. प्रत्येक टोकाला वितळलेले मेण किंवा घट्ट रंग लावावा, कारण लाकडातील ओलावा टोकांतून फार वेगाने निघतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

रचण्यासाठी उन्हापासून आडोसा असलेली, वारा खेळणारी जागा हवी. पत्र्याखालची बंद खोली नको. ती दुपारी भट्टी होते. जमिनीपासून अर्धा फूट उंच, सपाट ओंडके ठेवून त्यावर फळ्यांचा पहिला थर लावावा आणि प्रत्येक दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दीड फुटावर आडव्या टाकाव्यात. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात आल्या पाहिजेत, नाहीतर वरचा भार फळीच्या अधांतरी भागावर पडून तीच वाकते. सगळ्यांत वर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवून वजन द्यावे.

किती दिवस थांबावे, याचे उत्तर तराजू देतो. एका फळीतून, टोकापासून किमान फूटभर आतला, एक फूट लांबीचा तुकडा कापून त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावावे, स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजन करून ते त्याच्यावरच पेन्सिलने लिहावे आणि तुकडा फळ्यांमध्येच ठेवून द्यावा. दर रविवारी वजन करीत जावे. साधारण पावणेदोन किलोंच्या अशा तुकड्यात ओलाव्याचा १ टक्का म्हणजे १५-१६ ग्रॅम. लागोपाठ तीन आठवडे वजन ५ ग्रॅमपेक्षा अधिक बदलले नाही, तर लाकूड त्या हवेशी जुळले. नेमका ओलावा हवा असेल तर त्याच ठिकाणचा एक इंची काप वजन करून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावा. १५० ग्रॅमचा काप १३६ ग्रॅमवर थांबला, तर गेलेल्या १४ ग्रॅमला १३६ ने भागून ओलावा १० टक्क्यांच्या थोडा वर येतो. टेबलासाठी ८ ते १० टक्के उत्तम. त्या मोजमापाने जोडलेला पृष्ठभाग उन्हाळ्यात थोडा आक्रसतो आणि पावसाळ्यात थोडा फुगतो, एकाच दिशेने ओढला जात नाही.

याच काळात कीड तपासावी. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, पण कडेच्या फिकट, कोवळ्या लाकडाला लागतो. फळ्यांखाली काळा कागद अंथरला की त्यावर पडलेली मैद्यासारखी पांढरट पावडर दुसऱ्या दिवशीच दिसते. जुनी, धुळीने भरलेली भोके म्हणजे कीड गेलेली. ताजी पावडर म्हणजे ती आत आहे. अशा फळीचा फिकट भाग सरळ कापून जाळून टाकावा. खालच्या, ताटांशी संबंध न येणाऱ्या अंगाला तीन भाग टाकणखार आणि दोन भाग बोरिक अ‍ॅसिड यांचे सुमारे ५ टक्क्यांचे द्रावण लावता येते. मेच्या उन्हात ठेवले की कीड मरते, या समजुतीवर मात्र विसंबू नये. लाकडी खोक्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे ५६ अंश ठेवावे लागते, आणि दोन इंची फळीच्या गाभ्यापर्यंत तेवढी उष्णता उन्हाने पोहोचेलच असे नाही.

रंधा

फळी सपाट करण्यापूर्वी तिचा दोष ओळखावा. रुंदीत खोलगट असेल तर पन्हळ, लांबीत धनुष्यासारखी असेल तर कमान, आणि समोरासमोरचे कोपरे उचलले असतील तर पीळ. यांपैकी पीळ सर्वांत फसवा असतो. तो पाहण्यासाठी ॲल्युमिनियमच्या दोन सरळ, अडीच फुटी पट्ट्या घ्याव्यात आणि फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवाव्यात. मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून लांबची पट्टी पाहावी. दोन्ही कडा एकमेकींवर जुळल्या तर पीळ नाही. लांबची पट्टी एका बाजूला वर दिसली तर त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर खडूने खूण करावी. आधी तेवढेच भाग उतरवायचे.

फळी बाकावर ठेवून तिच्याखाली जिथे फट असेल तिथे पातळ पाचरी सारून ती डुगडुगणार नाही असे करावे. नाहीतर दाबाने फळी सपाट होते, तुम्ही तिला सपाट रंधता आणि हात काढताच ती पूर्ववत वाकडी होते. पहिला हात रेषेला तिरका मारावा, एका कर्णाने आणि मग दुसऱ्या कर्णाने. उंचवटे लवकर उतरतात आणि लाकूड उपटले जात नाही. त्यानंतर लांबीच्या दिशेने. हातातील विजेच्या रंध्याचे पाते बहुधा ८२ मिलिमीटर रुंद असते, म्हणून ६ इंची फळीवर त्याच्या कडांचे व्रण राहतात. शेवटचा हात लाकडी किंवा लोखंडी रंध्यानेच मारावा लागतो. गावात ज्यांच्याकडे थिकनेस मशीन आहे त्यांच्याकडे दुसरी बाजू करून घेता येते, पण एक बाजू आधी सपाट केल्याशिवाय फळी त्यात घालण्यात अर्थ नाही. मशीनचे रूळ फळी दाबून धरतात आणि वाकडी फळी सारख्या जाडीची, पण वाकडीच बाहेर येते.

आता संयमाचा भाग. सव्वादोन इंचांची फळी एका दमात दीड इंचावर आणू नये. पहिल्या खेपेला दोन्ही बाजूंनी सारखे लाकूड काढून ती एक इंच सात सुतांवर आणावी आणि दोन आठवडे कडेवर, भिंतीपासून सुटी, उभी ठेवावी. आतले नवे लाकूड उघडे पडल्यामुळे या दोन आठवड्यांत फळी पुन्हा थोडी हलते, आणि ती हलावी यासाठीच हा काळ आहे. दुसऱ्या खेपेला ती एक इंच पाच सुतांवर आणावी. उरलेला एक सूत जोडणीनंतर पूर्ण पृष्ठभाग सपाट करण्यासाठी राखून ठेवावा. एकाच बाजूने सगळे लाकूड काढणे हे माझ्या पहिल्या टेबलाच्या पन्हळीचे दुसरे कारण होते. वरची बाजू देखणी होती म्हणून मी सगळी जाडी खालून काढली होती.

बाभळीच्या फळीवर रंधा एका जागी लोण्यासारखा जातो आणि वीतभर पुढे रेषे उपटतो. तिथे पाते नव्याने धार लावून अगदी केसभर बाहेर ठेवावे, रंधा तिरका धरावा आणि तरीही जमले नाही तर पोलादी पत्र्याच्या खरवडणीने काम संपवावे. जुन्या लाकडात राहिलेली माती आणि सागातील नैसर्गिक सिलिका यांमुळे धार झपाट्याने जाते, म्हणून दगड पाण्यात भिजवून शेजारीच ठेवावा.

स्थिर भेगा आणि खिळ्यांची भोके या टप्प्यावर भरावीत. भेग फळीच्या टोकाला उघडत असेल तर ती जिथे संपते त्याच्या इंचभर पुढे फळी कापणे हाच इलाज. मधल्या भेगेत काळा रंग मिसळलेले इपॉक्सी (दोन द्रव मिसळून वापरायचा, घट्ट होणारा डिंक) खालून टेप लावून ओतावे आणि बुडबुडे निघून गेल्यावर पुन्हा वरून भरावे. भुसा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण छोट्या छिद्राला ठीक, पण बोटभर भेगेत ते दोन वर्षांत सुटते. सांध्यांच्या जुन्या चौकोनी खाचांत त्याच लाकडाचा तुकडा, रेषा एकाच दिशेने ठेवून बसवावा. आडव्या रेषेचा तुकडा पहिल्याच पावसाळ्यात उंचवट्यासारखा हाताला लागतो.

कडा सरळ करण्याचे काम शेवटी करावे. जोडायच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या मिटून, दोन्ही कडा एकत्र शिकंजात (क्लॅम्पमध्ये) धरून एकदमच रंधाव्यात, म्हणजे काटकोनात थोडी चूक झाली तरी उघडल्यावर ती एकमेकींत जिरते. मग एक फळी दुसरीवर उभी ठेवून मागे दिवा धरावा. टोकांकडून उजेड आला तर कड पुन्हा रंधावी. मध्यभागी कागद जाईल एवढी फट असेल तर ती राहू द्यावी, शिकंजा आवळला की ती बंद होते आणि टोके कायम दाबलेली राहतात.

कडा तयार झाल्यापासून एक-दोन दिवसांत फळ्या जोडाव्यात. सागाचे तेल ताज्या कडेवर हळूहळू वर येते आणि डिंकाला धरू देत नाही, म्हणून डिंक लावण्याच्या थोडेच आधी कड ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावी आणि सागासाठी शक्यतो इपॉक्सी वापरावे. जोडणीला काही कारणाने उशीर होणार असेल तर फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवाव्यात. ज्या खोलीत टेबल राहणार आहे तिथे उन्हाळ्यात कूलर लागत असेल, तर त्याचा ओला झोत टेबलाच्या एका टोकावर येणार नाही अशी जागा आताच ठरवून ठेवावी. पाय जोडतानाही स्क्रूंसाठी गोल भोकांऐवजी रुंदीच्या दिशेने लांबट खाचा ठेवाव्यात, म्हणजे वर सांगितलेल्या तीन सुतांना वाव मिळतो.

पृष्ठभाग सपाट झाल्यावर ८०, १२० आणि १५० नंबरच्या कागदाने क्रमाने घासून तेलाचा पहिला हात द्यावा, आणि तो वर व खाली, दोन्ही बाजूंना, एकाच दिवशी द्यावा. एकच बाजू बंद केली तर उघड्या बाजूने ओलावा ये-जा करतो आणि सगळे श्रम पन्हळीत जातात. जवसाचे तेल यासाठी चांगले. आपल्याकडच्या करडईचेही तेल हवेत हळूहळू वाळते, शेंगदाण्याचे मात्र वाळत नाही आणि चिकट राहून खवट होते. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगाऱ्यातील चिंधी काडी न लावता पेटू शकते, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. अशा चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा काम संपताच पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात.